गिरणी थांबली त्या दुपारी

आमच्या घरात हळू बोलणारं माणूस जन्मालाच आलं नाही, आणि आलं असतं तरी त्याचं कुणाला ऐकू गेलं नसतं. राजारामपुरीत पुढं पिठाची गिरणी आणि मागं दोन खोल्यांत आम्ही. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की भिंतीवरच्या तसबिरी डोलायच्या, घागरीतल्या पाण्यावर लाटा उठायच्या आणि पाळण्याला दोरी ओढायची गरज राहायची नाही. शेजारच्या बायका रडकी पोरं झोपवायला आमच्या ओट्यावर आणून ठेवायच्या. मीही तशीच वाढले, म्हणजे झोपेत गिरणी आणि जागेपणी गिरणी. या आवाजाच्या वरताण बोलायचं तर छातीतनं बोलावं लागतं. अव्वा, म्हणजे आमची आई, अप्पांना जेवायला हाक मारायची तेव्हा स्टँडवर गगनबावड्याच्या गाडीची वाट बघणारी माणसं आधी उठून उभी राहायची. आम्ही लिंगायत, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी, पण दोन्ही भाषा एकाच पट्टीत, पार वरच्या. माझं काम ठरलेलं होतं. दळण झालं की ओट्यावर उभं राहून ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारायची, आणि ज्याचा डबा असेल तो तिसऱ्या गल्लीतून पळत यायचा. माझं नाव नीलव्वा, पण गल्लीत मला भोंगा म्हणत. सत्तरी आली तरी दोन-चार जुनी माणसं अजून तेच म्हणतात, आणि मी ओ देते.

अप्पा गिरणीतून बाहेर आले की डोक्यापासून पायापर्यंत पांढरे असायचे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानातले केस पांढरे. आंघोळ करून आले की मी त्यांना लहानपणी ओळखायची नाही, हे अव्वा पाहुण्यांना हटकून सांगायची. त्यांच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. ती पट्ट्यानं घेतली होती. मोटारीचं बटण बिघडलेलं, आणि अप्पांच्या दृष्टीनं ते दुरुस्त करण्याइतकं बिघडलेलं नव्हतं, म्हणून गिरणी थांबवायची तर फिरता पट्टा काठीनं ढकलून चाकावरून उतरवायचा, अशी आमच्याकडची रीत. एकदा काठी निसटली, बाही अडकली, आणि करंगळीवर भागलं. तेव्हापासून अप्पा काठी हातात घेताना दिसले की मी डोळे मिटून घ्यायची. सुदैवानं ते क्वचित दिसायचं, कारण वीज असताना भर दिवसा गिरणी थांबवायचीच नाही, असा नेम होता. ती थांबायची फक्त घरात कुणी गेलं तर. आजोबा गेले तेव्हा थांबली, आत्या गेली तेव्हा थांबली. गल्लीला ते इतकं पाठ होतं की निरोप द्यायला माणूस पाठवावा लागायचा नाही. आवाज बंद झाला की बायका चुलीवरचा तवा उतरवून, डोक्यावर पदर घेऊन सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या, आणि कोण गेलं ते तिथं आल्यावर विचारायच्या.

गिरणीच्या वर पत्र्याची एक खोली होती, ती दिगंबर मास्तरांना भाड्यानं दिली होती. मास्तर पेटी शिकवायचे, पण पेटी शिकून कुणाचं भलं होत नाही हे कळल्यावर त्यांनी एक माईक आणि मोठा टेपरेकॉर्डर आणला आणि रिक्षावर वाजवायच्या जाहिराती भरून द्यायला सुरुवात केली. खाली गिरणी असलेल्या जागेत आवाज भरायचा धंदा काढणारा माणूस त्रिभुवनात दुसरा नसेल. पण भाडं कमी होतं आणि मास्तरांना अप्पांशी भांडायला आवडायचं. खोलीचा घुमारा मारायला त्यांनी कुठंतरी बघून अंड्यांचे पुठ्ठे आणले होते. अव्वानं ते जिन्यातच अडवले. डोक्यावर अंड्याचं टरफलसुद्धा चालणार नाही, म्हणाली. मग तिनंच घरातल्या जुन्या वाकळा काढून दिल्या, आणि मास्तरांनी त्या चारी भिंतींना आणि छताला खिळ्यांनी ठोकल्या. माझ्या आजीच्या लुगड्यांची, काकांच्या धोतरांची, आमच्या झबल्यांची शिवलेली ती खोली. आत गेलं की सगळं खानदान अंगावर आल्यासारखं वाटायचं.

आता चिक्कव्वाचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी घडलं. चिक्कव्वा म्हणजे धाकटी मावशी. शिरोळकडं कृष्णेच्या काठावर तिचं घर होतं, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक म्हैस, आणि त्या म्हशीवर तिचा नवऱ्यापेक्षा जास्त जीव. आधीच्या पुरात सरकारी जीप भोंगा लावून गावोगाव फिरली होती, घरं सोडा म्हणून. पण आमच्या भागात तेव्हा जाहिरातीला एकच आवाज होता. भारदस्त, तुपात तळलेला. साड्यांचा सेल त्याच आवाजात, सर्कस त्याच आवाजात, देवीची लस त्याच आवाजात, आणि पूरही त्याच आवाजात. लोकांनी ऐकलं आणि कूस बदलली. चिक्कव्वाही उठली नाही. पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा ती म्हशीला घेऊन माळवदावर चढली. म्हैस शिडीनं चढली असं ती सांगायची आणि कुणी शंका घेतली तर जेवण सोडायची. तिला होडीनं काढलं, पण शेजारच्या घरातले दोघे म्हातारे गेले. तरीसुद्धा पुढच्या वेळी उठशील का विचारलं तर म्हणायची, बघू.

आणि पुढची वेळ आली. आठवडाभर पाऊस खळला नव्हता, धरणाची दारं उघडली होती, आणि तालुक्याच्या कचेरीतले एक भाऊसाहेब, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेले, मास्तरांच्या जिन्यावर बसून चहा पीत होते. त्यांना पुराची नवी टेप हवी होती आणि आवाज नवा हवा होता. या लोकांनी कधी ऐकला नाही असा आवाज द्या, मास्तर, नाहीतर मागच्यासारखं होईल, असं ते म्हणत असताना खाली मी ओट्यावरून कुणाला तरी दळणाची हाक मारली. भाऊसाहेबांची कपबशी निसटली. मास्तरांनी खाली बोट दाखवलं. म्हणजे मी निवडली गेले ती अशी. यात माझ्या गुणांचा काही संबंध नाही, कपबशीचा आहे.

मला वाटलं, बोलायचंच तर आहे. मी उड्या मारत वर गेले. वीज गेली होती म्हणून गिरणी बंद होती, मास्तरांनी मला नुसतं सरावाला आतल्या कोपऱ्यात माईकपुढं बसवलं आणि वाकळेचा पडदा ओढून घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काहीच ऐकू आलं नाही. वीज जाण्याची शांतता मला माहीत होती, तिच्यात कावळे असतात, रस्ता असतो, अव्वा असते. या शांततेत कुणी नव्हतं. थोड्या वेळानं एक धपधप सुरू झाली. मला वाटलं खाली कुणी धान्य कांडतंय. ते माझं काळीज होतं. मग गळ्यातला आवंढा ऐकू आला, पापणी मिटल्याचा आवाज आला (मास्तर म्हणतात पापणीला आवाज नसतो, माझ्या होता). जमिनीखाली पुरल्यावर असंच वाटत असणार, असं मनात आलं, आणि आमच्यात पुरतातच, त्यामुळं ते नुसतं मनात येऊन गेलं नाही, तिथंच बसलं. मी पडदा फाडून जिन्यावरनं खाली आले ती थेट चुलीपुढं. त्यानंतर पन्नास वर्षं मी याच कामावर पोट भरलं. साखर कारखान्यांच्या फिल्मा केल्या, जत्रांच्या सूचना केल्या, निम्म्या महाराष्ट्राच्या स्टँडवर कृपया लक्ष द्या म्हणणारी मीच, असं मी नातवंडांना सांगते. पण प्रत्येक खोलीत, तांबडा दिवा लागायच्या आधी, ती धपधप ऐकू येतेच. भीती जाते असं नवीन पोरींना सांगणारे लोक असतात. मी सांगत नाही.

मला परत वर नेलं अव्वानं, दंडाला धरून. तिचा एकच मुद्दा होता. आपली चिक्कव्वा त्या साडीवाल्याचं ऐकत नाही, तुझं ऐकंल. मग मास्तरांनी माझ्यावर मेहनत घेतली. पहिलं म्हणजे मी ओरडायची. माईकपुढं मी पहिलं वाक्य म्हटलं आणि टेपरेकॉर्डरचा काटा जो उजवीकडं गेला तो परत यायला तयार होईना. मास्तर म्हणाले, समोर गिरणी न्हाय, माणसाचा कान हाय, त्यात बोल. दुसरं म्हणजे प. भाऊसाहेबांनी लिहून आणलेल्या कागदावर पाणी, पूर, पातळी, पंचगंगा, प्रशासन, सगळा पचाच बाजार, आणि प म्हटला की माईकवर बंदूक उडायची. यावर मास्तरांनी आमच्याच गिरणीतली एक चाळण घेतली, तिच्यावर अप्पांच्या धोतराचं फडकं ताणून बांधलं आणि माईकपुढं टांगलं. त्या चाळणीतून माझे प मैद्यासारखे मऊ होऊन पडायला लागले. तिसरं म्हणजे पोट. आमचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि वर ताक. ते सगळं बंद झालं. ताकानं घसा धरतो, खर्ड्यानं खोकला येतो, शेंगदाणा दातात राहतो. मला नुसता मऊ भात आणि खडीसाखर मिळायची. मग पोट जे काही बोलायचं ते काट्यावर स्पष्ट दिसायचं. स्थलांतर करावे आणि पुढं गुर्रर्र.

माझी नात हल्ली पांघरूण डोक्यावर घेऊन मोबाईलवर हे सगळं करते. तिला हवं तितक्या वेळा चुकता येतं, खोकला पुसता येतो, आणि तिच्या मोबाईलमध्ये आता असा एक आवाज आहे म्हणे की ज्याला माणूसच लागत नाही. मी ऐकला. चांगला आहे. त्याला आवंढा येत नाही.

आम्हाला मात्र एका वेळी तीन गोष्टी जुळून याव्या लागत होत्या. वीज हवी, नाहीतर टेप फिरणार नाही. पाऊस थांबायला हवा, नाहीतर पत्र्यावर हजार ताशेवाले. आणि वीज असताना गिरणी थांबायला हवी, जी थांबत नाही. त्यातून त्या दिवसांत तर गिरणीला श्वास नव्हता. नदीकाठची माणसं शाळांमध्ये आणून ठेवली होती, त्यांच्यासाठी पोत्यांनी ज्वारी येत होती, आणि अव्वा सकाळपासून शाळेत भाकरी थापायला जात होती. दोन दिवस असेच गेले. पाणी वाढत होतं आणि माझी टेप कोरीच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेब जीप घेऊनच आले. संध्याकाळपर्यंत पुलावर पाणी येईल, मग शिरोळकडं जाता येणार नाही, आता मिळाली तर टेप, नाहीतर जुनाच आवाज घेऊन जातो, एवढं बोलून ते ड्रायव्हरशेजारी बसून राहिले. आणि त्याच वेळी पाऊस थांबला. मास्तर धावत खाली गेले. मी जिन्यावरून बघत होते. त्यांनी अप्पांच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितलं. अप्पांनी आधी ज्वारीच्या पोत्यांकडं बघितलं, मग वर माझ्याकडं. मग कोपऱ्यातली काठी उचलली. मी डोळे मिटले. मेन स्विच पाडता येत नव्हता, कारण माझ्या माईकची वीज त्याच तारेवर होती.

मी आत जाऊन बसले, कानांवर हेडफोनचे जड डबे चढवले. खालचा आवाज हळूहळू मंदावला आणि मग एकदम गेला. मोटार तेवढी मांजरीसारखी गुरगुरत राहिली. माझ्यासमोर गल्लीकडं, वाकळांमधून मोकळी सोडलेली एक छोटी काच होती, उघडायची सोय नसलेली. तिच्यातून ओट्यापुढचा रस्ता दिसायचा. मास्तर टेपरेकॉर्डरच्या फळीमागं, त्यांची पाठ गल्लीकडं. त्यांनी बोट उचललं, तांबडा दिवा लागला. मी सुरू केलं. सर्व नागरिकांना कळविण्यात येते की. आवाज नीट लागत होता, प मऊ पडत होते, पोट गप्प होतं. पहिला कागद संपत आला तेव्हा मला काचेतून शेवंताकाकू दिसली. समोरच्या घरातली, रडण्यात जिल्ह्यात पहिली. लांबच्या गावांतून तिला मयताला गाडी पाठवून नेत. ती डोक्यावर पदर घेऊन आमच्या ओट्याकडं येत होती. तिच्या मागं आणखी दोघी. मग रॉकेलवाला, टोपी काढून. सगळ्यांनी चपला रस्त्यावर सोडल्या.

मला माहीत होतं की गिरणी माझ्यासाठी थांबवलीय. पण मला हेही माहीत होतं की थांबवायला अप्पांनी काठी घेतली होती. आणि काठी घेतल्यानंतरचे अप्पा मी बघितले नव्हते. शेवंताकाकूनं ओट्यापाशी येऊन छाती बडवली आणि तो आवाज माझ्या कानांवरच्या डब्यांतून आला, लांबून, वाकळांमधून गाळून. मी सुरक्षित स्थळी म्हणत होते. रस्त्याच्या टोकाकडून अव्वा येताना दिसली. अव्वा पळत नसे. तिच्या वयाच्या बायका पळत नसत. ती पळत होती, डोक्यावर पदर नव्हता, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. आमच्या घरातलं माणूस तोंड उघडून आवाज न काढता पळतंय, हे बघितलं आणि माझी खात्री पटली. पट्ट्यानं या वेळी करंगळीवर भागवलं नव्हतं. आणि पट्टा उतरवला होता तो माझ्या चार वाक्यांसाठी.

तेव्हा मी का थांबले नाही, हे मला कितीतरी जणांनी विचारलं. मी धीराची होते असं मी भाषणांत सांगते. खरं असं की कागद संपला की मला खाली जावं लागणार होतं. वाचत होते तोवर काही झालेलं नव्हतं. म्हणून मी सावकाश वाचायला लागले, एकेक शब्द धरून ठेवत, आणि दुसरा कागदही संपला. पुढं कोरं होतं. मास्तर थांबायची खूण करणार एवढ्यात मी तशीच बोलत राहिले. कागदावरचं सरकारी मराठी संपलं होतं, घरचं तेवढं उरलं होतं. आवाज मोठा निघेना. मी कुणाच्या तरी कानात बोलल्यासारखी बोलले. पाणी आलंय, उठा की. म्हाताऱ्यांना आधी काढा. दावं कापा जनावरांचं, ती पोहतात, तुम्हाला न्हाय येत. भांडी राहू द्यात. आणि मग, मला न विचारता, माझ्याच तोंडातून आलं.

"चिक्कव्वा, आमचं अप्पा गेलं गं. तू तरी ऊठ की."

त्यानंतर नुसता श्वास आणि मागं शेवंताकाकूचा हेल. मास्तरांनी टेप थांबवली तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. त्यांच्याही कानांवर डबे होते, त्यांनीही सगळं ऐकलं होतं आणि त्यांनाही खरंच वाटलं होतं. मी उठले. जिन्याचं दार लांब नव्हतं, पण मी ते बेळगावला जाऊन यावं इतक्या वेळानं गाठलं. दार उघडलं, आणि खाली शेवटच्या पायरीवर, जिन्यात कुणी येऊ नये म्हणून आडवा हात भिंतीला लावून, अप्पा बसले होते. पांढरेफटक. माझ्याकडं वळून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

झालं असं होतं. मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, काम संपेस्तोवर तोंडातून शब्द काढायचा न्हाय. जन्मभर कुणाचं न ऐकलेल्या माणसानं हे ऐकलं. लोक जमले तेव्हा ते ओट्यावर येऊन हातवारे करत होते, गप्प बसा म्हणून. शेवंताकाकूनं आवाज न करणारे, पिठानं पांढरे, हात हलवणारे अप्पा बघितले, ते उठून आले असं समजून ती आणखी मोठ्यानं रडली, आणि रॉकेलवाला टोपी तिथंच टाकून पळाला. तेव्हा अप्पांनी नाद सोडला आणि ते जिन्यात येऊन बसले. अव्वा त्यांच्यापुढं उभी होती, त्यांच्या सदऱ्याची बटणं चाचपत, अजूनही तोंडातून आवाज नाही. मी म्हणाले, संपलं काम. मग अप्पांनी तोंडावरचं बोट काढलं, भला मोठा श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला उद्देशून विचारलं, "कोण मेलंय का हितं?"

मी त्यांच्या गळ्यात पडून रडत होते, तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला आणि वीज गेली. आणि वरून मास्तर, अजून डोळे पुसत, रिकाम्या हातांनी उतरले. टेप कुठाय, मी विचारलं. ते म्हणाले, दिली की ड्रायव्हरला. मागच्या लोखंडी जिन्यानं भाऊसाहेबांचा माणूस येऊन घेऊन गेला होता. जीप निघून गेली होती. तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसलेय. जिवंत माणसाला मी मेलेलं म्हटलं होतं, आणि ते आता कृष्णाकाठच्या गावागावांत कर्ण्यातून वाजणार होतं. अव्वाला सांगितलं तेव्हा तिचा आवाज परत आला, पूर्ण. तिनं मला नंतर मारायचं ठरवून आधी अप्पांवरून मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून काढल्या. मिरच्यांचा खकाणा उठायला हवा होता तसा उठला नाही, म्हणून परत ओवाळल्या. अप्पा संध्याकाळी दोनदा खोकले. एरवी दिवसाला पन्नासदा खोकायचे, पण त्या दोन खोकल्यांना आम्ही सगळे उठून उभे राहिलो. माझ्या शब्दानंच त्यांना काही होणार, ही भीती माझ्या पोटात बसली ती पाऊसकाळभर. मी त्यांच्या मागं मागं गिरणीत हिंडायची, काठी लपवून ठेवायची. ते म्हणायचे, आता काय मला बी टेपेत भरून ठेवतीस व्हय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेरून कुठलीच गाडी येत नसताना, एक उसाचा ट्रक लांबच्या रस्त्यानं वळसा घालून आमच्या गल्लीत आला आणि त्यातून बायका उतरल्या. चौदा की चोवीस, मी सांगेन त्या वेळी आकडा वाढतो. त्या पट्ट्यात घरटी एक चिक्कव्वा. जीप गावातून गेली, भोंग्यातून कुणाची तरी पोर रडत आपल्या चिक्कव्वाला बाप गेल्याचं सांगत होती, मागं मयताचा गलका, आणि ज्या ज्या चिक्कव्वाला बहिणीची मुलगी होती ती ती उठली. पाण्यासाठी उठायचं की नाही यावर माणूस विचार करतो. मयत म्हटलं की आमच्यात विचार करत नाहीत, पायात चप्पल सरकवतात. बायका निघाल्या म्हणून पोरं निघाली, पोरं निघाली म्हणून म्हातारे. आमची चिक्कव्वा सगळ्यांत पुढं होती, म्हणून ट्रक आधी आमच्या दारात. तिनं माझा आवाज पहिल्या शब्दाला ओळखला होता. म्हशीचं दावं विळ्यानं कापून ती निघाली. म्हैस पोहत कुरुंदवाडला पोचली आणि तिथल्या एका भल्या माणसानं बांधून ठेवली, असं ती सांगायची. पण त्या सकाळी ती सबंध रस्ता रडून आलेली, केस सुटलेले, ओट्यापासून दाजी, दाजी म्हणून गळा काढत आत शिरली. दाजी आत ताटावर बसले होते. खर्डा आणि भाकरी. त्यांनी हातातला घास तसाच धरून विचारलं, म्हशीला कुठं सोडलंस?

ती जी गप्प झाली ती बरेच दिवस. ट्रकभर लोकांसमोर, जिवंत माणसासाठी ती ऊर बडवत आली होती, आणि हे हसण्यावारी नेणं तिला शक्य नव्हतं. माझ्याकडं तर ती बघायचीच नाही. मी ताट वाढलं की अव्वाकडून वाढून घ्यायची. मला वाटायचं, ही मला कधी माफ करणार नाही. तिच्याजागी मी असते तर केलं नसतं.

पाणी उतरल्यावर अप्पा तिला घेऊन गावाला गेले. परत आले तेव्हा अप्पाच बोलले, तेही हळू, आणि अप्पा हळू बोलले म्हणूनच मी घाबरले. घराची मागची भिंत आडवी झाली होती, सबंध, तिच्या खाटेवर. गावातलं एकही माणूस दगावलं नव्हतं. कचेरीतून भाऊसाहेब टेप परत घेऊन आले, मयताचा मजकूर काढून नीट पुन्हा भरून द्या म्हणाले. आम्ही भरून दिली. स्वच्छ झाली. मास्तरांनी ती ऐकली, माझ्याकडं बघितलं आणि भाऊसाहेबांना देऊन टाकली. जुनी मात्र ठेवून घेतली.

त्यानंतर एका दुपारी मी वर चाळणीचं फडकं बदलत होते. खाली गिरणी चालू होती, अप्पा कुणावर तरी ओरडत होते. चिक्कव्वा जिना चढून आली. चपला बाहेर काढल्या, वाकळांकडं बघत फिरली, एका ठिकाणी आजीच्या लुगड्याच्या तुकड्यावर हात फिरवला आणि मास्तरांना म्हणाली, ती लावा. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मग लावली, मोठ्यानं, गिरणीच्या वरताण. ती जमिनीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. सर्व नागरिकांना कळविण्यात येते, यावर तिनं नाक मुरडलं. सुरक्षित स्थळीवर नुसतीच बसून राहिली. मग शेवंताकाकूचा हेल आला, माझा आवाज बदलला, पाणी, दावं, भांडी, आणि ते वाक्य आलं.

चिक्कव्वानं जमिनीला हात टेकला आणि ती उठून उभी राहिली.

मी समोर होते. खालून अप्पांचा आवाज येत होता. तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. मी म्हणाले, "बस की गं. टेप हाय ती."

"ठाव हाय," ती म्हणाली. "संपू दे. मग बसते."